साऊलेच्या टोपीतलं पीस

“बाय, तिला इचार. तिनं पाखरां धरली त अभ्यास, आन आमी धरली त गुना कसा?”

हिराबाईंचा प्रश्न बिनतोड होता. गावदेवीच्या ओट्यावर पंधरावीस माणसं बसली होती, त्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. उत्तर मला द्यायचं नव्हतं. मी दुभाषी. प्रश्न रशियनमध्ये न्यायचा आणि उत्तर मराठीत आणायचं, एवढंच माझं काम. शेजारी पक्षी-अभ्यासाच्या प्रकल्पाचे कोऑर्डिनेटर देसाई साहेब बसले होते. ते माझ्या कानाशी लागले. “मॅडम, उत्तर काहीही येऊ दे, जरा गोड करून सांगा हं.”

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी रशियन मशीनच्या मॅन्युअल्सचं भाषांतर करायचे. सोव्हिएत संघ मोडला, मशीन यायची बंद झाली आणि कंपनीने मला टेलिफोन बोर्डावर बसवलं. “हॅलो, होल्ड करा” म्हणून म्हणून मी विटले होते. अशात ओळखीतून निरोप आला: रशियन बोलणारी बाई पाहिजे, चिखलात उतरायची तयारी हवी. मी लागलीच रजा टाकली. नवरा म्हणाला, “चिखलात कसली रशियन बोलतेस?” त्याचं खरं होतं, पण मी ऐकलं नाही.

साऊले कझाकस्तानची. चाळिशीची, रुंद चेहऱ्याची, डोक्यावर कायम एक जुनी कापडी टोपी. तिकडच्या एका तळ्याकाठी ती पक्ष्यांचा अभ्यास करायची. पक्षी जाळ्यात हलकेच धरायचा, पायात अल्युमिनियमची नंबर घातलेली कडी अडकवायची आणि सोडून द्यायचा. याला रिंगिंग म्हणतात. तोच पक्षी पुढे दुसरीकडे कुणाला सापडला, तर नंबरावरून त्याचा प्रवास कळतो. थंडीत ते तळं गोठतं आणि पक्षी दक्षिणेला उडतात. आमच्या ठाणे खाडीवर येतात ते त्यांच्यातलेच, अशी साऊलेची खात्री होती. पण खात्री म्हणजे पुरावा नव्हे. तिकडे तळ्याचं पाणी शेतीला वळवायचं घाटत होतं. “हे तळं फक्त आपलं नाही, दुसऱ्या देशांचंही आहे,” असं तिला तिच्या वरिष्ठांना दाखवायचं होतं. पुरावा मिळाला नाही, तर तळं सुकणार होतं.

भरतीला खाडीचा चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा सगळे पक्षी ऐरोलीकडच्या एका जुन्या मिठागरात येऊन बसतात. मिठागर हिराबाईंच्या घराण्याकडे. गावातले पुरुष तिथेच जाळी लावून पक्षी धरायचे आणि कालवण करायचे. साऊलेला तिची जाळी लावायची, तर जागा हीच. त्यासाठी ही बैठक.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. बोलणारा “मी” म्हणाला, की दुभाष्यानेही “मी”च म्हणायचं. पहिल्या दिवशी मी सुती साडीत उभी राहून “मी कझाकस्तानची” म्हणाले, तेव्हा अख्खं गाव हसलं होतं. एक म्हातारा म्हणाला, “बोली त साताऱ्याची वाटतं!” आणि तो चुकला नव्हता.

मी साऊलेला हिराबाईंचा प्रश्न सांगितला. तिने थोडा विचार केला आणि सावकाश उत्तर दिलं. मी मराठीत बोलायला लागले.

“तुमचा प्रश्न बरोबर आहे. मी लहानपणी हे पक्षी खाल्लेत. वडील मारून आणायचे, आई शिजवायची. भूक असली की माणूस खातो, त्यात पाप नाही. पण तेव्हा पक्षी ढगासारखे यायचे. आता येत नाहीत. आणि आम्हाला कड्यांचे नंबर सगळ्यात जास्त कळवले ते शिकाऱ्यांनीच. म्हणून मी तुम्हाला गुन्हेगार म्हणायला आले नाही. कडी असलेला पक्षी कुणाला सापडला होता का, एवढंच विचारायला आले आहे.”

देसाई साहेबांनी कपाळाला हात लावला. “खाल्लेत कशाला सांगायचं?” ते पुटपुटले.

“ती म्हणाली, मी सांगितलं,” मी म्हणाले.

ओट्यावर कुजबुज झाली. हिराबाई उठल्या आणि घरात गेल्या. मला वाटलं, संपली बैठक. पण त्या परत आल्या त्या दोनेक वर्षांच्या नातीला कडेवर घेऊन. तिचं झबलं वर केलं. कमरेच्या काळ्या करदोट्यात एक बारीक कडी ओवलेली होती.

“हिच्या बापाला जाल्यात गावला ता पाखरू. कडी सरकारी वाटली, आमी घाबरलो. खाडीत टाकनार व्हतो. पन पोर तवा तापानं फनफनली व्हती. हाती आली ती बांदली, आन ताप उतारला.”

साऊले गुडघ्यावर बसली. गळ्यातलं भिंग तिने कडीजवळ नेलं. पोरीला गुदगुल्या झाल्या, ती खिदळायला लागली. कडीवर नंबर होता आणि मॉस्कोचं नाव; सोव्हिएत काळात सगळ्याच कड्यांवर ते असायचं. साऊलेने नंबर दोनदा वाचला आणि वहीतल्या यादीशी ताडून पाहिला. मग ती रशियनमध्ये हळूच काहीतरी बोलली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

“आमच्या तळ्याची आहे,” मी म्हणाले.

देसाई साहेब ताडकन उठले. “कडी ताब्यात घ्या. पुरावा आहे तो!”

हिराबाईंनी पोरीला छातीशी ओढलं. काय चाललंय ते मी साऊलेला सांगितलं. तिने मान हलवली. “नंबर पुरे आहे. बाळाच्या रक्षणाची वस्तू कुणी काढून घेतं का?”

मग तिने डोक्यावरची टोपी काढली. आत एक मऊ, तपकिरी पीस शिवलेलं होतं. दाताने दोरा तोडून तिने ते हिराबाईंपुढे धरलं. “आमच्याकडे मुलांना नजर लागू नये म्हणून टोपीला घुबडाचं पीस लावतात. हे माझ्या आईने मला लावलं होतं. आता हिच्यासाठी घ्या.”

हे मराठीत कसं सांगू? घुबड! आमच्याकडे घुबड कौलावर बसलं तरी बायका हाकलायला धावतात. देसाई साहेबांना रशियन येत नव्हती, पण पीस बघून त्यांनी ओळखायचं ते ओळखलं. “मोराचं म्हणा,” ते कुजबुजले. “देवाशप्पथ सांगतो, मोराचं म्हणा!”

खोटं कशाला बोलू, मोराचं म्हणावं असं माझ्याही मनात आलं होतं. पण ज्यांचा जन्म पाखरांत गेला, त्यांना मी घुबडाच्या पिसाला मोराचं म्हणून सांगणार? आणि नियम तो नियम. मी अक्षरन् अक्षर सांगितलं.

हिराबाईंनी पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं, पदराचं टोक पुढे केलं आणि बोट न लावता पीस त्यात घेतलं. पाहुण्याने दिलेलं नाकारता येत नाही आणि हे घरात नेता येत नाही, अशी त्यांची पंचाईत चेहऱ्यावर दिसत होती. “उद्या लाव तुजी जाली,” एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिठागरावर गेलो. बांधावर एक बांबू रोवलेला होता आणि त्याच्या टोकाला काळ्या दोऱ्याने ते पीस बांधलेलं होतं. साऊलेने थंडीभर तिथे रिंगिंग केलं. तेवढ्या काळात गावच्या एकाही माणसाने तिथे स्वतःचं जाळं लावलं नाही. घुबडाचं पीस टांगलेल्या जागी शिकारीला कोण जाणार?

साऊले नंबर घेऊन परतली. पाणी वळवायचा निर्णय निदान पुढे ढकलला गेला, असं तिने नंतर कळवलं. एका कडीने तळं वाचवलं असं मी म्हणणार नाही. पण कडी नसती तर बोलायलाच काही नव्हतं. देसाई साहेबांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, “व्यापक जनजागृतीमुळे स्थानिकांनी शिकार थांबवली.” ते वाक्यही मी इमानदारीत रशियनमध्ये नेलं. दुभाष्याला हसायची परवानगी नसते.

नंतर एकदा मी हिराबाईंना भेटायला गेले. पोरगी अंगणात धावत होती, कडी नव्या करदोट्यात होती. मी म्हटलं, “हिराबाई, डोकं चालवलंत हं. पीस लावून सगळ्यांना घाबरवलंत.”

त्या चिडल्याच. “घाबरवाला कशाला लावू? तिनंच सांगितला ना, नजर लागू नये म्हनून असता? पोरीला माजी कडी हाय. पाखरांना कोन हाय?”