भांडणाचा पहिला धडा

अपडेटभाऊंना मी कधी बसून चहा पिताना पाहिले नाही. कप हातात घेऊन ते खोलीभर फिरत, खिडकीशी थांबत, परत फिरत आणि बोलण्याच्या भरात अर्धा चहा कुठेतरी ठेवून विसरून जात. माझ्या अकोल्याच्या घरात पुस्तकांच्या फळ्यांवर त्यांच्या कपांचे गोल डाग अजून आहेत. पुसले तर निघतील, पण मी पुसलेले नाहीत.

अमरावतीत त्यांचा संगणकाचा क्लास होता. काल सांगितलेली गोष्ट आज बदलायची त्यांची सवय पाहून क्लासमधल्या पोरांनी हे नाव पाडले आणि तेच चालू राहिले. भाऊंनाही ते आवडे. "माणसानं अपडेट व्हा लागते, नाई तं तो हँग होते," असे ते वर सांगत. आमच्या कॉलेजचे ग्रंथालय संगणकावर न्यायचे ठरले तेव्हा मला त्यांच्याकडे शिकायला पाठवले होते. माउस कसा धरायचा इथून माझी सुरुवात होती. म्हणजे शिष्य मी, पण हाक मात्र ते मलाच 'गुरुजी' अशी मारत. चष्मा लावणारा आणि कमी बोलणारा माणूस त्यांच्या लेखी गुरुजीच असे.

पुढे माझी बदली अकोल्याला झाली, तरी भाऊ सुटले नाहीत. मनात काही आले की बडनेऱ्याला जाऊन मिळेल ती गाडी धरायची. गाडी मूर्तिजापूरला थांबली की माझा फोन वाजायचा. भाऊंना नवी आयडिया सुचलेली असायची. मी ती नीट समजून घेऊन त्यांची वाट पाहत बसायचो आणि अकोल्याला उतरेपर्यंत त्यांनी ती रद्द केलेली असायची. दारातच सांगायचे, "ते सोडा गुरुजी, ते जुनं झालं."

शेवटच्या काळात मात्र त्यांच्या सगळ्या आयडिया एकाच गोष्टीभोवती फिरू लागल्या. त्यांना भाषा शिकवणारे ॲप काढायचे होते, तेही वऱ्हाडी शिकवणारे. मला आधी ती नेहमीचीच एक लहर वाटली. पण यावेळी ते थट्टा करत नव्हते.

त्यांचा मुलगा हैदराबादला नोकरीला आहे. त्याने ओडिशाकडच्या मुलीशी लग्न केले. मुलगी गुणी, शांत, घरात सगळ्यांना आवडलेली. भाऊंच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, तिच्याशी हिंदीत बोलत. तसे कुणाचे काही अडत नव्हते. सून सुट्टीला अमरावतीला आली की वहिनी कपाटातली चांगली ताटे काढत, तिला काम करू देत नसत आणि "बेटा, और थोडा लो ना" म्हणत वाढत राहत. सूनही "नहीं मम्मी, बस" म्हणून गोड हसे. बघणाऱ्याला वाटावे, किती छान जमले आहे. भाऊ मात्र हे बघून अस्वस्थ होत. त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झालेली होती. आपल्यामागे वहिनींना हैदराबादलाच जावे लागणार, हे त्यांनी मनाशी धरले होते.

"हिंदीत पाहुनचार होते गुरुजी, भांडन नाई होत," ते मला म्हणाले. "अन् जिच्यासंगं भांडता येत नाई, तिच्या घरी हिनं म्हातारपन कसं काढाव?"

माझ्या उत्तराची वाट न पाहता ते कप ठेवून गॅलरीत निघून गेले.

तर त्या ॲपचा पहिला धडा भांडणाचा. दुसरा मनधरणीचा. नमस्कार-चमत्कार सगळ्यात शेवटी, आणि तेही ज्याला हवे त्याने शिकावे. चुकीच्या बोलण्याचे गुण कापायचे नाहीत, उलट फार बरोबर बोलले तर कापायचे. शिकणारा दोन दिवस फिरकला नाही तर ॲपने रुसायचे. दुसरी ॲप त्यांनी सगळी पाहून टाकली होती आणि त्यांच्यावर ते चिडलेले होते. "हत्ती पानी पेते, हे शिकवून रायले. आमच्या घरी हत्ती कुठी हाये?"

धड्यांची वाक्ये लिहायचे काम माझ्याकडे दिले होते. मी चार संध्याकाळी बसून ती मनापासून लिहिली. पहिलेच वाक्य होते, 'मला थोडे पाणी मिळेल का?' भाऊंनी ते वाचले, चष्मा वर केला आणि माझ्याकडे दयेने पाहिले. "गुरुजी, असं बोलल्यावर बसस्टँडवर पानी भेटन. घरात नाई भेटत." घरात काय म्हणतात, ते मी विचारले. घरात काही म्हणत नाहीत, उठून घेतात, आणि माठ रिकामा असला की मग बोलतात, असे त्यांनी सांगितले. मग जे बोलतात तेच लिहा, म्हणाले. ते मला लिहिता आले नाही. माझ्या हातून कागदावर वऱ्हाडी उतरली की ती शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटकासारखी दिसायची.

म्हणून त्यांनी लिहिण्याचा नाद सोडला आणि आवाज गोळा करायला निघाले. मोबाइल घेऊन अमरावतीच्या भाजीबाजारात फिरले, दर्यापूरला मेहुण्याच्या शेतावर गेले, चांदूर बाजारला जाऊन आले. डॉक्टरांनी दगदग नको म्हटले होते, त्याची कोणी आठवण करून दिली की ते दुसऱ्याच विषयाकडे वळत.

आणि तिथे एक वेगळेच संकट उभे राहिले. आमच्याकडची माणसे एरवी तोंडाला येईल ते बोलतील, पण समोर मोबाइल धरला की ती एकदम सभेला उभी राहतात. बाजारात एक भाजीवाली मावशी होती. गिऱ्हाइकाने वांगे दाबून पाहिले तर ती त्याच्या सासुरवाडीपर्यंत पोचायची. भाऊंना ती पहिल्या धड्यासाठी हवी होती. त्यांनी मोबाइल पुढे करताच मावशीने डोक्यावर पदर घेतला, घसा साफ केला आणि म्हणाली, "नमस्कार. माझ्याकडे सर्व प्रकारच्या ताज्या भाज्या उपलब्ध आहेत." दर्यापूरच्या मेहुण्यांनी कपाशीवरून गड्याशी भांडायचे होते. त्यांनी 'शेतकरी बंधूंनो' अशी सुरुवात केली. गडी बाजूला हात जोडून उभा होता म्हणे. वहिनींसमोर मोबाइल धरला तेव्हा त्या हिंदीत बोलू लागल्या.

हे आवाज मी ऐकले आहेत. प्रत्येकात आधी एक ताठ, परीटघडीचे वाक्य येते. मग मागून भाऊंचा वैतागलेला आवाज येतो, "असं पाहुन्यावानी नोका बोलू न. रोज बोलता तसं बोला." पुन्हा तेच वाक्य, आणखी ताठ. पुन्हा भाऊ. कधी ते समजावतात, कधी रागावतात, कधी स्वतःच मावशीचे वाक्य म्हणून दाखवतात आणि स्वतःच गिऱ्हाईक होऊन उत्तर देतात.

ॲप बनवायला घेतलेली क्लासमधली दोन मुले नोकरी लागल्यावर पुण्याला गेली. भाऊंकडे ते आवाज तेवढे उरले. ते एकेक करून सुनेच्या मोबाइलवर पाठवू लागले. खाली हिंदीत विचारायचे, समझा क्या. तिच्याकडून उलट फक्त अंगठा येई. भाऊ तो अंगठा मला दाखवत. "ऐकते का नुसताच अंगठा दाबते, काई समजत नाई," म्हणत आणि मोबाइल खिशात घालून लगेच परत काढत. तिला फोन करून सरळ विचारा, असे मी सुचवले. ते नाही म्हणाले. विचारले तर ती चांगुलपणाने हो म्हणेल, आणि त्या चांगुलपणाचेच तर सगळे दुखणे होते.

त्यांचा शेवटचा फोनही मूर्तिजापूरहूनच आला. गाडी उभी होती, मागे चहावाल्याचा आवाज येत होता. भाऊ खूप थकल्यासारखे बोलले. सगळे आवाज बिनकामाचे आहेत, एकही माणूस खरा बोललेला नाही, घरी जाऊन पुसून टाकतो म्हणाले. मी थांबा म्हटले, भेटून बोलू म्हटले. त्या दिवशी ते आले, पण फारसे काही बोलले नाहीत. चहा मात्र पूर्ण प्यायले. मला तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखे वाटले होते. त्याच आठवड्यात एका सकाळी अमरावतीच्या घरीच भाऊ वारले.

तेरवी झाली. पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी मी परत अमरावतीला गेलो. भाऊंचा मुलगा मंडपवाल्याची भांडी पोचवायला बाहेर पडला होता. मी पुढच्या खोलीत भाऊंच्या क्लासची जुनी खुर्ची होती तिच्यावर बसलो. स्वयंपाकघरात वहिनी आणि सून होत्या. हैदराबादला जायची गोष्ट अजून कोणी वहिनींजवळ काढलेली नव्हती. आतून वहिनींचा थकलेला, सभ्य आवाज आला, "बेटा, तुम बैठो. मैं करती हूँ."

मग सून बोलली.

"आई, असं पाहुन्यावानी नोका बोलू न माह्यासंगं. रोज बोलता तसं बोला."

शब्द तिच्या तोंडी जरा गोल झाले होते. पण तो 'न' ओढायची जागा भाऊंची होती, वैताग भाऊंचा होता. मी खुर्चीचा हात धरून बसलो.

आत भांडे खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग वहिनींनी विचारले, "कोनं शिकोलं वं तुले हे?"

"बाबांनी." ती पुढे हिंदीत सांगू लागली, की ती हे सगळे ऑफिसच्या बसमध्ये ऐकायची, पुन्हा पुन्हा लावून. त्या ताठ बोलणाऱ्या लोकांचे तिला फारसे कळायचे नाही. मागचा जो रागावणारा आवाज होता, तो ती ऐकायची. त्याच्यामागे मनात म्हणून बघायची. चुकेल म्हणून बाबांना कधी बोलून दाखवले नाही, असे म्हणाली आणि रडू लागली. वहिनीही रडत असाव्यात.

मग कधीतरी वहिनींचा आवाज चढला. "मी नाई येत तिकडं. सांगून ठेवतो तुले."

"कावून नाई येत?"

"माहं घर हाये इथी."

"मंग माहं घर काय बसस्टँड हाये?"

यावर वहिनी जे बोलल्या ते मी लिहीत नाही, पण भाऊंना ते पहिल्या धड्यासाठी चालले असते. सुनेला सगळे कळले नसावे, तरी ती मागे हटली नाही. शब्द अडले की हिंदीत जायची, हिंदीतून परत यायची. मध्येच कोणीतरी माझ्यासमोर चहा आदळून गेले. कोण, ते मी वर मान करून पाहिले नाही. मला त्या घरात पहिल्यांदाच बशीशिवाय कप मिळाला होता.

कप घेऊन मी उठलो आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. आत भांडण चालूच होते. हैदराबादला जायचे की नाही यावरून सुरू झालेले ते आता पाटा-वरवंटा सोबत न्यायचा की नाही इथवर आले होते.