मार्गरेटच्या कोंबड्यांची राखण

आता काय सांगू तुम्हाला! माझ्यासारखी घाबरट बाई कुणाच्या कोंबड्या राखायला निघते का? पण मी निघाले. आणि काय दिवे लावले, ते ऐकाच.

न्यूझीलंडमधल्या पुकेकोहे गावाबाहेर, कांद्याच्या शेतांपलीकडे आम्ही भाड्याने राहतो. शेजारी मार्गरेट. सत्तरीची, एकटी, पण ट्रॅक्टर असा चालवते की बघत राहावं! लेकीचं ऑपरेशन निघालं म्हणून ती आठवडाभर गेली आणि कोंबड्या माझ्यावर सोपवल्या. परक्या देशात कुणीतरी एवढा विश्वास टाकला होता हो! एकही कोंबडी कमी होऊन चालणार नव्हतं.

"कोल्हे येतात का?" मी विचारलं. आमच्या गावी कोल्ह्याने अख्खं खुराडं साफ केलेलं बघितलंय मी!

"या देशात कोल्हाच नाही, डार्लिंग. दिवसा हॉक येतो, वरून झडप घालतो. पण बेन आहे ना!"

बेन म्हणजे तिचा पांढराशुभ्र राखणीचा कुत्रा. वासराएवढा! खाणं, झोपणं सगळं कोंबड्यांतच.

"फक्त त्याचे लाड करू नकोस हं."

मी कुठे लाड केले? हातसुद्धा लावला नाही! पण पोळ्या झाल्या की एक कुत्र्याला टाकायची, ही तर आमच्या घरची रीत. ते काय लाडात मोडतं? जरा तूप लावलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बेन आमच्या दारात!

"मम्मा, बेन लव्ह्ज अस!" चार वर्षांची माझी पिहू नाचायला लागली. कोंबड्या तिकडे उघड्यावर!

"हाड! जा तिकडे! गो!" मराठी झालं, इंग्रजी झालं. तो आपला शेपूट हलवतोय. शेवटी मीच कोंबड्यांकडे गेले, तर मागोमाग आला. मी घरी, की तोही घरी!

नवऱ्याला कामावर फोन लावला.

"अगं, मग तूच बस ना तिथे!"

चेष्टेने म्हणाला हो तो. पण मी खरंच बसले! खुर्ची नेली, पिहूची खेळणी नेली, सोलायला मटार नेले. रोज! राखणदाराची राखण करायला मी!

मार्गरेट यायची होती त्या दुपारी डोक्यावरून सावली फिरली. हॉक! एवढाले पंख! मी किंचाळले, पिहूला उचललं आणि वाकून सरळ खुराड्यात शिरले. दार ओढून घेतलं. कोंबड्या? राहिल्या बाहेर!

फटीतून बघते तर त्या शहाण्या केव्हाच झुडपाखाली पसार. आणि बेन! काय ते भुंकणं, काय ती झेप! हॉक वरच्यावर वळला तो दिसेनासाच झाला. मग बेन शांतपणे आला आणि खुराड्याच्या दाराला पाठ टेकून बसला. असा रुबाब की ओवाळावं त्याला! पण ते धूड दारात, मी बाहेर पडणार कशी?

तेवढ्यात मार्गरेट आली. कोंबड्या मोजल्या. सगळ्या होत्या. मग वाकून आत बघितलं. माझ्या केसांत पिसं, कडेवर पिहू.

"सॉरी," मी रडवेली झाले. "मी पोळी घातली. तेव्हापासून कोंबड्या सोडून तो आमच्या दारात येतो. बेनला बिघडवलं मी."

"बिघडला? छे!" ती हसत सुटली. "तो पोळीसाठी नाही आला, डार्लिंग. कळपात जे सगळ्यात घाबरलेलं असेल ना, बेन त्याला सोडून हलत नाही. मागच्या वर्षी एक लंगडं कोकरू होतं. या वर्षी तू!"