डाव्या तळव्याची ऊब

भुताखेतांच्या गोष्टींची मी आयुष्यभर टर उडवत आलोय. माझं कामच मोजण्याचं — जमिनीत सळई खुपसायची, आकडा लिहायचा. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय, पण लिहितो.

आम्ही ऑकलंडला, अल्बनीत राहतो. दोन वर्षांपासून आई आमच्याकडे आहे. जानेवारीपासून तिला मी आठवत नाही... माझ्या बायकोला, मीराला, ती अजून ओळखते; मला मात्र, तिच्या जयूला, 'साहेब' म्हणते. मी हसण्यावारी न्यायचो, पण आत तुटायचं. अशा अवस्थेत तिला सोडून जुलैमध्ये फील्डवर्कसाठी अलास्काला गेलो, त्याची बोचणी वेगळीच.

तिथली जमीन वर्षानुवर्षं गोठलेली आहे. उन्हाळ्यात वरचा थर किती खोल वितळतो, ते आम्ही मोजतो. मंगळवारी दुपारचे दोन वाजले होते. लख्ख ऊन, डासांचे थवे, सोबतीला माझी सहकारी, हॅमिल्टनची एमा. आकडा ओरडून सांगत मी एक पाऊल मागे सरकलो — आणि डावा पाय मांडीपर्यंत चिखलात. बुटात बर्फाचं पाणी. पाय काही केल्या निघेना. "यू विल बी राइट," असा धीर देत एमा फावड्याने उकरत होती, पण चेहरा तिचाही उतरला होता. दहा-बारा मिनिटांत पाय आहे की नाही तेच कळेनासं झालं.

आणि मग तळव्याला ऊब लागली. गोल गोल, टाचेकडून बोटांकडे... काशाची वाटी! लहानपणी ताप आला की आई तूप लावून अशीच वाटी घासायची, मधेच थांबून अंगठा हलकेच ओढायची. इथेही अंगठा ओढला गेला. मी चक्क रडायला लागलो. एमाला वाटलं, दुखतंय.

शेवटी पाय निघाला. बूट काढला तर तळवा लालबुंद आणि गरम. एमाने दोनदा हात लावून पाहिला.

संध्याकाळी कॅम्पवरून घरी फोन केला. मी तोंड उघडायच्या आतच मीरा वैतागून म्हणाली, "आईंनी सकाळी तूप आणि काशाची वाटी मागून घेतली, आणि चपलांच्या रॅकमधली तुझी डावी जंडल, ती रबरी चप्पल रे, मांडीवर घेऊन घासत बसल्या. कार्पेटची वाट लागलीये. काढून घ्यायला गेले तर म्हणतात, थांब गं, जयूचा पाय गार पडलाय."

"किती वाजता?"

"दहा वाजले असतील. का रे?"

अल्बनीत बुधवारचे सकाळचे दहा, म्हणजे आमचे मंगळवारचे दुपारचे दोन.

फार गारठल्यावर भास होतात, असं डॉक्टर म्हणाला. असतील. पण त्या जंडलचं काय?

परत आलो तेव्हा आई खिडकीपाशी बसली होती. "या साहेब," म्हणाली. मी तिच्या पायाशी बसलो. माझ्याकडे बघून तिने हळूच विचारलं, "बाहेरगावाहून आलात ना? आमचा जयू भेटला का हो तिकडे?"

"भेटला," मी म्हणालो. "बरा आहे. तुमची आठवण काढत होता."

"मग झालं," आई म्हणाली. "त्याला सांगा, मी आहे इथे."

सांगतो, म्हटलं.