मंगळाचा गोटा

तळ्यात गाळ साचायला युगं लागतात. आमच्या राऊत सरांच्या टीममध्ये किस्से एका हंगामात साचले, आणि बहुतेक मान खाली घालायला लावणारे!

काम साधं होतं. लोणार सरोवराकाठच्या दगडांच्या भेगांत अतिप्राचीन सूक्ष्मजीवांच्या खुणा शोधायच्या. मंगळावरही असाच काळा बसाल्ट आहे. इथे खुणा ओळखता आल्या, तर तिथे काय शोधायचं ते कळेल. रिटायर होण्याआधी एक तरी खूण सापडावी, एवढंच सरांचं मागणं.

बीबीच्या बाजारात सरांनी हे एका आजोबांना समजावलं. आजोबा म्हणाले, "मंगळावर गाडी पाठोली, चांगलं झालं. मेहकरची बस काऊन येऊन नाही राह्यली, ते पाहा आधी." आम्ही जीपमध्ये ऐसपैस बसलो होतो. सरकून त्यांना जागा दिली.

मेहकरला आम्ही सुलभाकाकूंकडे भाड्याने राहायचो. जेवण त्यांचंच, आणि नमुन्याच्या गोट्यांची टोपली त्यांच्या ओट्याखाली. शेंगदाण्याचा ठेचा असा करायच्या, की सर भाकरी संपली तरी बोटं चाटत बसायचे.

एका सकाळी सर मायक्रोस्कोपवरून उठलेच नाहीत. एका गोट्याच्या भेगेतल्या भुकटीत गोल गोल पेशी, ओळीने! सरांचे डोळे भरले. दुपारपर्यंत गावभर झालं. शाळेने शाल-नारळ देऊन सत्कारही केला, आणि सर माइकवर म्हणाले, "मंगळ आता लांब नाही."

मग बेंगळुरूहून तज्ज्ञ मॅडम आल्या. बराच वेळ पाहिलं. हळूच म्हणाल्या, "सर, हे शेंगदाण्याचं स्टार्च आहे."

आम्ही सगळे स्वयंपाकघराकडे वळलो. काकू दारातच होत्या.

"वरवंटा फुटला न बाप्पा माह्या," त्या म्हणाल्या. "तुमचा गोटा हाताले बरा बसला."

सरांनी शाल घडी करून पिशवीत घातली आणि शाळेत जाऊन स्वतः सांगून आले. मी सोबत होतो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. काकू तर त्या दिवशी जेवल्याच नाहीत.

दुसऱ्या सकाळी अंगणात टोपलीतले सगळे गोटे उन्हात चकचकत होते. काकूंचे हात लालभडक झालेले.

"सर, राग नका धरू," त्या म्हणाल्या. "गरम पाणी, सोडा, तारेची घासणी, सारं लावलं. आता एकही जीव राह्यला नाही त्याच्यावर."