मामांची अळणी निवडणूक

आमच्या हिच्या मामांइतका सरळ माणूस अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात नव्हता, आणि इतरांना इतका चक्रावून सोडणाराही दुसरा नव्हता. लोकल बोर्डाला ते उभे राहिले, त्या मतदानाच्या दिवशी त्यांच्या सुपारीच्या वाडीत मतदारांची पंगत बसली होती. पहिला घास घेतला आणि मी जावयाच्या अधिकाराने ओरडलो, "मामी, आमटीत मीठ राहिलं हो!" पंगत थबकली. मामी पदराआड हसल्या. "राहिलं नाही, जावईबापू. घातलंच नाही," मामा शांतपणे म्हणाले. पानाच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे सगळ्यांत आधी मीठ पडतं, तिथे काहीच नव्हतं हे मला तेव्हा दिसलं.

मामांना कुणाचं फुकट घेणं सोसत नसे आणि कुणाला मिंधं करणंही. शेजाऱ्याच्या फणसाखाली घटकाभर टेकले तर जाताना त्याला शहाळं देऊन येत. कुणी पान दिलं तर आपली सुपारी त्याच्या तळहातावर ठेवल्याशिवाय ते तोंडात घालत नसत. अशा माणसाने मतं मागायची म्हणजे पंचाईतच. पार दिवेआगरकडून उन्हातान्हात चालत आलेल्याला उपाशी कसं धाडायचं? आणि जेवू घालावं तर तो मिठाला जागून मत देणार, म्हणजे विकतच घेतलं की! यावर मामांची सुधारणा अशी, की उमेदवाराने खुशाल जेवू घालावं, पण अळणी. छत्री घेऊन ते प्रतिस्पर्धी बापूशेठांच्या पेढीवरही जाऊन आले. "तुमच्या शब्दाबाहेर नाही, मामा," बापूशेठ म्हणाले, "माझ्याकडे मिठाचा खडासुद्धा पडणार नाही." आणि त्यांनी जिलबी तळली. आमच्याकडची पंगत उठली ती तोंडाला चव यावी म्हणून तडक तिकडे गेली.

"मामा, ही शुद्ध लबाडी आहे!" मी म्हटलं. मामांनी बराच वेळ विचार केला. "जिलबीत मीठ नसतं," ते म्हणाले. "नियमात बसतं."

त्यांना ती जागा मानासाठी नको होती. खाडीवर धक्का व्हावा, एवढंच मनात होतं. ओहोटीला होडी लांबच थांबे आणि म्हातारी, आजारी, लेकुरवाळी माणसं गुडघाभर चिखल तुडवत यायची.

मामा पडले, चांगलेच पडले. दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यातला म्हातारा तांडेल ओटीवर आला. "मामा, राग नका धरू. तुमचं मीठ आमी कुटं खाल्लंय? मंग मत कसं द्येवाचं?"

"मग बापूशेठांचं खाल्लंत?" मी विचारलं.

"त्येंचंबी न्हाय. पन जिलबी लय ग्वाड व्हती!"

मामांचा चेहरा उजळला. "बघा, मिठाचं काही चाललं नाही! साखरेचा विचार तेवढा राहिला." तांडेल गेल्यावर मात्र ते एकटेच खाडीपर्यंत जाऊन चिखल बघून आले.

आम्ही निघालो तेव्हा ओहोटी होती. काठावरून मामा पुढच्या खेपेला साखर कशी वगळायची ते ओरडून सांगत होते. निम्मं वाऱ्यावर जात होतं. चिखलात मधेच थांबून मी हिला विचारलं, "अगं, मामांची सुधारणा फसली म्हणायची, की साधली?"

"ते होडीत बसून ठरवा," ही म्हणाली. "आधी हात द्या, माझा पाय रुतलाय."