बाबांच्या मधल्या नावाचा फलक

१४ नोव्हेंबर २००६, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे. सिंगापूरहून इजिप्तला आलेल्या आमच्या सहलीची बस एल अलामेनच्या युद्धस्मारकापाशी थांबली. "एकच तास," मार्गदर्शकाने बजावले. "उजेडात सीवाच्या मरूद्यानात पोचायचं आहे."

बाबांच्या जन्माआधीच त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात या वाळवंटातील लढाईत मारले गेले होते. फलकावरच्या त्यांच्या नावावरून एकदा हात फिरवावा, एवढीच बाबांची इच्छा होती. आडनाव शोधण्यात आमची पन्नास मिनिटे गेली. मग मी शेजारशेजारच्या दहा नावांचा क्रम तपासला. हिंदी सैनिकांची यादी आडनावांनी नव्हे, त्यांच्या स्वतःच्या नावांनी लावलेली होती.

"बाबा, तुमचं मधलं नाव शोधा!"

"एवढी शास्त्रज्ञ तू, आणि हे आत्ता सुचतंय?"

आयुष्यभर प्रत्येक अर्जावर लिहिलेले ते नाव त्यांना चार मिनिटांत सापडले. कोरीव अक्षरांवर त्यांचा तळवा बराच वेळ टेकलेला होता. बस त्यांच्यासाठी खोळंबून राहिली.

संध्याकाळी मरूद्यानातल्या झऱ्यात पाय सोडून बाबा म्हणाले, "पुढच्या वर्षी तुझ्या आईला आणि भावाला आणू. तेव्हा शोधाशोध नको."

मी वही उघडून फलकाचा क्रमांक लिहिला: ६८.