विज्ञानाच्या बाईंची पाळी चुकते

माझ्या मूर्खपणाचे किस्से तसे थोडे नाहीत, पण हा तोंडातून बाहेर काढायला मला दोन वर्षं लागली. चहा ओतून घ्या. आणि हसायचं तर तोंडावर हसा, मागून नको.

तर मी विज्ञानाची शिक्षिका. गुजरातेत, डिंडोलीतल्या मराठी शाळेत एकोणीस वर्षं आठवीला शिकवतेय. प्रजननाचा धडा आला की बाकीच्या बाई ‘घरून वाचून या’ म्हणतात आणि खिडकीबाहेर कबुतरं मोजत बसतात. मी नाही! मी फळ्यावर रंगीत खडूनं गर्भाशय काढते. स्टाफरूममध्ये कुणी ‘पाळीत लोणच्याला हात लावू नये’ म्हणालं, की मी अशी काही बघते की त्या बाईच्या तोंडातला घास तिथंच थांबतो.

तेव्हा वय एकेचाळीस. दोन मुली, थोरली दहावीत जाणारी. गर्भनिरोधक गोळ्या मी वर्षभर घेत होते. का? कारण नसबंदीचं नाव काढलं की आमच्या संजयरावांच्या कमरेत उसण भरते! डाईंग मिलमध्ये दोनशे माणसांवर ओरडणारा हा सुपरवायझर, दवाखाना म्हटलं की सोफ्यावर आडवा. म्हणून गोळी माझ्या नशिबी. रोज सकाळी, एकही दिवस न चुकवता.

आणि तरी पाळी आली नाही.

दोन दिवस गेले, पाच गेले. म्हटलं उन्हाळा आहे, परीक्षा आहेत. दहावा दिवस उजाडला तेव्हा मात्र पायाखालची जमीन सरकली. थोरली बोर्डाला बसणार आणि आई बाळंतपणाला? वर्गात मी काय तोंडानं धडा शिकवणार? ‘मुलांनो, संततिनियमन म्हणजे काय ते बाईंच्या पोटाकडे बघून सांगा’?

आता तपासणीचं कीट आणायचं. डिंडोलीत आणणार कुठून? तिथल्या प्रत्येक मेडिकलवाल्याचं पोरगं माझ्या हाताखालून गेलेलं. तेव्हा स्कूटर काढली आणि भर दुपारी, तोंडाला ओढणी गुंडाळून, थेट शहराबाहेरचं कामरेज गाठलं. एवढं करून काउंटरवरचा काका खणखणीत आवाजात विचारतो, “बेन, कीट कोना माटे?” कुणासाठी म्हणे!

मागे चार गिऱ्हाइकं. माझ्या तोंडातून काय निघावं? “स्कूल माटे. प्रयोग छे.”

काकांचे डोळे चमकले. “एम? क्लासमां केटला छोकरा छे?”

“चालीस.”

“तो चालीस आपुं?”

सांगा, चाळीस कीट द्यायला निघालेल्या माणसाला काय म्हणायचं? चारवर कसंबसं आटोपलं. वर त्यांनी मला शाबासकी दिली, की आजकाल अशा प्रॅक्टिकल करून घेणाऱ्या टीचर राहिल्या कुठे!

घरी येऊन एकापाठोपाठ चारही कीट वापरली. चारही वेळा एकच रेघ. म्हणजे दिवस गेलेले नाहीत. कुणाही शहाण्या बाईनं सुस्कारा सोडला असता. पण मी पडले विज्ञानाची! मी म्हटलं, गोळ्यांमुळे कीट फसत असेल. असा कुठलाही नियम जगात नाही. तो मी त्या क्षणी बाथरूममध्ये तयार केला आणि लगेच त्याच्यावर विश्वासही ठेवला.

रिकामी खोकी कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात दडवली. आमच्या सासूबाई अमळनेरकडच्या. वाचता येत नाही, पण कचऱ्याचा डबा त्या पोथीसारखा रोज उघडतात. आणि त्या खोक्यांवर, कंपनीच्या कृपेनं, एक गुटगुटीत हसरं बाळ छापलेलं. एक नाही, चार-चार बाळं!

“वं माय!” सासूबाई खोकं हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. “कितला महिना व्हयनात?”

“तसं काही नाहीये आई.”

“मंग तोंड का बरं उतरेल शे?”

तोंड उतरलेलं होतंच. मी ओट्याकडे वळले. तोच होकार समजून त्यांनी फोन हातात घेतला. दोन नातींवर पंधरा वर्षं गप्प बसलेली बाई ती! अर्ध्या तासात अमळनेर झालं, धुळं झालं. संध्याकाळी पाचला चलथाणची नणंद साखरेची पिशवी घेऊन दारात हजर. दोघींनी बारशाचं नावही ठरवलं. अर्थात मुलाचं. मुलीचं नाव सुचवायची हिंमत माझ्या थोरलीनं केली, तर तिला अभ्यासाला पिटाळलं.

साडेसहाला आमचे हे आले. मिलमध्येच यांचं तीन जणांनी फोनवर अभिनंदन केलं होतं. चेहरा असा, जणू गाडीखाली येता येता वाचलेत.

“अगं पण गोळ्या होत्या ना?”

“होत्या.”

“मग कंपनीवर केस टाकू आपण!”

बघा! नवरा म्हणून एवढंच सुचलं. बायकोचा हात धरावा, ‘काय करायचं’ विचारावं? छे! ग्राहक न्यायालय!

त्या रागात मी म्हटलं, चला, सगळेच चला डॉक्टरीणबाईंकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची वरात निघाली. मी, हे, सासूबाई. यांच्या खिशात केससाठी औषधाचं बिलसुद्धा.

डॉक्टरीणबाई गुजराती, पण मराठी फर्मास बोलतात. लघवीची तपासणी करून म्हणाल्या, “काही नाहीये. गोळ्या कशा घेता? पाकिटं दाखवा.”

मी रुबाबात पर्स उघडली. संपलेलं पाकीट आणि चालू पाकीट, दोन्ही पुढे ठेवली. त्यांनी संपलेलं पाकीट उचललं आणि भुवया वर गेल्या.

“पांढऱ्या एकवीस घेतल्या. या शेवटच्या सात चॉकलेटी का राहिल्या?”

“त्या लोहाच्या,” मी समजावण्याच्या सुरात म्हटलं. “गेल्याच महिन्यात शाळेतल्या तपासणीत माझं हिमोग्लोबिन तेरा निघालं. मग उगाच लोह कशाला? त्या सोडल्या आणि लगेच नवं पाकीट सुरू केलं. एकही दिवस खाडा नाही!”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. “बाई, पांढऱ्या गोळीत हार्मोन असतं. ते सात दिवस बंद राहतं, म्हणून पाळी येते. तुम्ही ते बंदच केलं नाहीत. पाळी येणार कुठून? काळजीचं काही नाही, उलट गोळीनं तिचं काम चोख केलंय.”

यांनी बिलाची घडी हळूच खिशात सरकवली. सासूबाईंनी आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“म्हंजे पोऱ्या नही?”

“नाही आई.”

“इतली शिकेल सून,” त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, “आन गोया खाता येत नही!”

इतक्या वर्षांत माझ्या शिकवण्यावर इतका नेमका शेरा कुणी मारला नव्हता.

मला वाटलं, संपलं. उठणार तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी नर्सला हाक मारली, “सुनीता, बेनना गोळ्यांचं नीट समजव.”

सुनीता आली. दोन लेकरांची आई, तिशीची. मला बघून हरखलीच. “बाई, तुम्ही? ओळखलं का? तुमची पहिली आठवी, ब तुकडी!”

न ओळखायला काय झालं! हिच्या वहीवर मीच लाल शाईनं लिहिलं होतं, ‘विज्ञान हा तुझा विषय नाही.’

तिनं मात्र मनात काही ठेवलं नव्हतं. माझ्यासमोर पाकीट धरून, एकेका गोळीवर बोट ठेवत, तिनं इतकं सुरेख समजावलं की मी तिला कधी शिकवलं असेल यावर माझा विश्वास बसेना. शेवटी बोट उचलून, गोड हसून म्हणाली, “कळलं ना बाई? आता तुम्ही सांगा बघू.”

आणि सांगते काय, मी खुर्चीतून उठून, हात मागे बांधून, उत्तर दिलं.

पहिल्या वेळी चुकलं.